जयंतरावांनी गाळलेलं वाक्य

जयंतराव बोरसे साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले. सुरतेत बँकेत एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांची गुजराती अशी घोटीव झाली होती की काउंटरपलीकडचे शेठलोकही मान डोलवायचे. आई होती तोवर घरात अहिराणी चालायची. सात वर्षांपूर्वी आई गेली, तसे ते ती भाषाही जणू विसरले. सोसायटीतल्या लोकांचा समज होता की बोरसेसाहेब पुण्याकडचे. जयंतरावांनी असं कधी म्हटलं नव्हतं. फक्त समज दुरुस्त केला नव्हता, आणि त्यात आपण फार सभ्यपणा दाखवला असं त्यांना वाटायचं.

सोसायटीच्या मागच्या गल्लीतून नवागामच्या चाळींतली माणसं ये-जा करायची. रस्ता पालिकेचा होता, पण एकदा स्कूटर चोरीला गेली आणि कमिटीने गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवून कुलूप घातलं. ठराव मांडला सेक्रेटरी जयंतरावांनी. चावीही त्यांच्याकडेच.

त्याच महिन्यात नगरसेविका चंचलबेन यांनी वॉर्डात लोकदरबार भरवला. शाळेच्या हॉलमध्ये झोनचे अधिकारी टेबलामागे बसले होते. दारात नाव लिहायचं, नंबर आला की उभं राहून तक्रार सांगायची, कारकून ती वहीत उतरवणार, आणि वहीत उतरलं तेच पुढे जाणार. जयंतराव रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आले होते, शेजारी कमिटीचे प्रशांतभाई. सव्विसावा नंबर मागच्या चाळीतल्या एका बाईंचा होता. साडीचे धागे कापून बोटं खरखरीत झालेल्या, डोक्यावर पदर. सरलाबाई नाव. गावाहून येऊन चारच वर्षं झाली होती, आणि घाबरल्यावर त्यांना एकच भाषा यायची, अहिराणी.

"साहेब, सोसायटीवालास्नी रस्तावर गेट बसाडं नि कुलूप ठोकी दिधं. आमना पोरे शाळामा जावाले रेल्वेना रूळ वलांडतस. परवादिन मन्ही नात गाडीखाले येता येता वाचनी. नि तठली गटार बी तुंबेल शे."

अधिकाऱ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "बेन शुं कहे छे? कोईने समजाय छे?"

जयंतरावांचा हात आपसूक वर गेला. विचार करायला वेळच मिळाला नाही. आईच्या हाकेला ओ द्यावी तसा तो गेला, आणि गेल्यावर त्यांना प्रशांतभाईंची नजर जाणवली. आता ही बाई काय म्हणते ते सांगायचं, म्हणजे आपण कुठले तेही सांगायचं, आणि वर स्वतःच्याच गेटाची तक्रार स्वतःच्याच तोंडाने करायची! जयंतराव खाकरले आणि सुरेख गुजरातीत म्हणाले की रुळाजवळची गटार तुंबली आहे, मुलांना त्रास होतो, साफ व्हावी. कारकुनाने लिहून घेतलं. एकच वाक्य तर गाळलं होतं.

बाहेर सरलाबाईंनी त्यांना गाठलं. "भाऊ, तू आपलाच निघना! देव तुन्हं भलं करो." जयंतराव हसले. ते हसणं त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

चार दिवसांत गटार साफ झाली. सरलाबाई पत्ता विचारत सोसायटीच्या दाराशी आल्या. गटार झाली, गेट कधी उघडेल? जयंतरावांनी वेळ मारून नेली. म्हणाले, ते वर गेलंय, पालिकेच्या सभेत येईल. बाईंनी ते शब्दशः धरलं. सभा आपल्याला बघता येते का? बघता येते, हे जयंतरावांना ठाऊक होतं. नगरसेवकाकडून पास घ्यायचा आणि वरच्या गॅलरीत बसायचं. बोलायची मुभा नसते. आपलं म्हणणं नगरसेवकाने लेखी दिलं असेल तरच सभागृहात उच्चारलं जातं. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. दोन पास आणले.

गॅलरीत सरलाबाई कठड्याला हात धरून बसल्या. खाली एकेक ठराव वाचला जात होता, हात वर होत होते, मंजूर, मंजूर. चंचलबेन उठल्या आणि आपल्या वॉर्डातल्या कामांबद्दल बोलल्या. त्यात रुळाजवळची गटारही आली.

"आते गेटनं येई?" सरलाबाईंनी कानाशी विचारलं.

पुढचा विषय आला. त्याच्या पुढचा आला. दर विषयाला बाई सरसावून बसायच्या आणि त्यांच्याकडे बघायच्या. सभा संपली, खालच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी त्या उठेनात. जयंतरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सबंध आयुष्यात एवढी लाज त्यांना कशाची वाटली नव्हती.

जिन्यावर त्यांनी सांगून टाकलं. अहिराणी सात वर्षांनी तोंडात येत होती, अडखळत. "सरलाबाई, गेटनं मी सांगंच नही व्हतं. साहेबले फक्त गटारनं सांगं. गेट मीच बसाडेल शे."

बाई एका पायरीवर थांबल्या. शिव्या घालतील, रडतील, असं जयंतरावांना वाटलं. दोन्हीपैकी काही झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"पुढला दरबार कवय शे?" बाईंनी विचारलं. "तू येजो. मी बोलसू, तू सांगजो."

पुढचा दरबार त्याच हॉलमध्ये भरला. प्रशांतभाई आणि कमिटीची आणखी चार माणसं दुसऱ्या रांगेत होती. जयंतराव आज त्यांच्यात बसले नाहीत. सरलाबाई उभ्या राहिल्या, ते शेजारी उभे राहिले. बाईंनी गेट सांगितलं, रूळ सांगितले, नात सांगितली. जयंतरावांनी एकेक वाक्य गुजरातीत केलं. मग बाईंनी जयंतरावांकडे बोट केलं.

"नि गये टाइमले या भाऊनी मन्ही गोट पुरी सांगी नही. गेटनं नावच गिळी टाकं. चावी यान्हाच जोडे शे."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "बेन शुं कहे छे?"

दुसऱ्या रांगेकडे न बघता जयंतरावांनी ते वाक्यही सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच घोटीव गुजरातीत. कारकुनाचं पेन थांबलं. कोणता भाऊ, ते त्याला वहीत हवं होतं. "कया भाई? नाम लखावो."

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. सरलाबाई त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या, या वेळी काही गळतंय का ते.