नावेवरचा पट्टा

प्रिय सई आणि अन्वय,

"मला सांगू नका, पाण्याला सांगा." हे वाक्य ज्या गृहस्थांचं, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला मागच्या आठवड्यात सांगण्यात आलं. नव्या पुलाला त्यांचं नाव द्यायचं घाटतं आहे. रावेतहून दोन तरुण कार्यकर्ते आले, "आजी, त्यांना पाहिलेल्या आता तुम्हीच उरलात," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी कागद घेऊन बसले. चांगले चार शब्द जमले नाहीत. खरे पुष्कळ आहेत, पण ते स्मरणिकेत कुणी छापणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही इतके लांब आहात, की वाचून तुम्हाला कुणाची भीड पडायचं कारण नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते पुलावर येईलच.

क्रमाने सांगते. आमचं गाव पवनेच्या पलीकडे. आज तिथे उंच इमारती आहेत आणि हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांची न हलणारी रांग आहे. तेव्हा पूल नव्हता. चिंचवडची शाळा, पिंपरीतले नवे कारखाने, दवाखाना, आगगाडी, सगळं नदीच्या अलीकडे. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडायची, पावसाळ्यात नावेने.

हे गृहस्थ मिसरूड फुटायच्या आत गावातून मुंबईला गेले आणि आरमारात शिरले. महायुद्धात बोटीवर होते. स्वातंत्र्यानंतर कमांडर झाले आणि मी वीस वर्षांची असताना निवृत्त होऊन परत आले. पांढरा सदरा, पांढरी पँट, ताठ पाठ. घरची शेणाने सारवलेली जमीन उखडून त्यांनी शहाबादी फरशी घातली आणि तिला ते डेक म्हणत.

गावात 'नेव्ही' हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. आठ दिवसांत त्याचा न्हावी झाला. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"न्हावीसायेब हायेत का घरात? पोराचं जावळ काढायचं हाय."

त्यांची भावजय तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. ते बाहेर आले, म्हातारीचं म्हणणं ऐकून घेतलं, आतून कात्री आणली आणि मुलाला मांडीवर घेऊन शांतपणे जावळ काढून दिलं. मूल रडलं नाही. त्यांच्या थोरल्या भावाला मात्र हे फार लागलं. तो भर चावडीवर म्हणाला, "आता अख्ख्या गावाची हजामत करा!"

"करणारच आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी ती केली. वर्षभरात ते सरपंच झाले, कारण सरकारी कागद वाचणारं दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. मग उकिरडे गावाबाहेर गेले. देवीची लस टोचायला रांग लावली, तेव्हा पाटलांना मागे उभं केलं, कारण पाटील मागून आले होते. पाटील सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांना ते कळलं तरी की नाही, शंका आहे.

मग त्यांनी नाव हातात घेतली. नाव गेनू नावाड्याची, त्याच्या आज्यापासूनची. एके सकाळी साहेबांनी ती उथळ पाण्यात उभी केली आणि एकेक माणूस चढवायला सुरुवात केली. चढला माणूस, की गुडघाभर पाण्यात उभं राहून ते नावेच्या अंगावर पाणी कुठवर आलं ते बघत. अर्धा दिवस हा खेळ चालला. दुसऱ्या दिवशी नावेच्या दोन्ही अंगांना पांढरा पट्टा आला. पाणी पट्ट्याला टेकलं, की नाव भरली. त्यावर एक माणूस नाही, एक कोंबडीसुद्धा नाही. शेवटी चढला तो आधी उतरेल.

गेनू म्हणाला, "सायेब, माझ्या आज्यानं हिच्यातनं बैलं नेली."

"आज्याला पोहता येत होतं?"

"व्हय."

"या बायकांना येतं?"

गेनूने वल्हं उचललं. बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. "तुमी कशाला आमच्या मरणाची काळजी करता? आमची आमी मरू!" असं एकजण म्हणाली आणि सगळा घाट हसला. ते हसले नाहीत. रोज सकाळी सातला ते घाटावर उभे राहत आणि कुणी गयावया केली, शिव्या दिल्या, की तेच ठरलेलं वाक्य बोलत.

आता माझं. मी पुण्याला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते, इंग्रजी घेऊन. चिंचवडच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. आमच्या गावातून पगारी कामाला जाणारी मी पहिली मुलगी. त्या श्रावणात तपासणी अधिकारी येऊन माझा पाठ बघणार होते आणि मग मला कायम करणार होते. वडिलांनी मला तेवढ्यापुरती मुदत दिली होती. कायम झाले तर नोकरी, नाही तर लग्न.

त्या सकाळी मी हाताने काढलेला हिंदुस्थानचा नकाशा गुंडाळून नावेत चढले. पट्टा पाण्याखाली गेला. मी शेवटची होते.

"बाई, उतरा."

"साहेब, आज माझी तपासणी आहे. साडेआठला."

"मला सांगू नका, पाण्याला सांगा."

"पाण्याला कान असतात का?"

"नाहीत. म्हणूनच."

मी उतरले. पाऊस वाढला, पुढची खेप दीड तासाने झाली. मी पोचले तेव्हा अधिकारी शेरा लिहून गेले होते: शिक्षिका गैरहजर. महिन्याभरात माझ्या जागी दुसरे मास्तर आले. ज्या नावेतून मी उतरले, ती पलीकडे अगदी सुखरूप गेली होती. वडील म्हणाले, "बरं झालं. आता स्थळं बघायला हरकत नाही."

मुलांनो, मी त्या माणसाचा जितका द्वेष केला, तितका आयुष्यात कुणाचाही केला नाही.

बाजाराचा दिवस होता. गाव रिकामं, घाट रिकामा, गेनू नाव काठावर ओढून जेवायला गेलेला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पांढरा रंग आमच्या गोठ्यात होता. मी भर दुपारी घाटावर गेले, विळ्याने जुना पट्टा खरवडला आणि चार बोटं वर नवा काढला. नावेच्या काठाला हात धरून, अगदी सारख्या अंतरावर, शाळेत समास आखतात तसा. मला माझं काम सुबक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नावेपुढे उभे होते. काय होतं ते बघायला मीही गेले होते. रंग वाळला नव्हता. त्यांनी बोट लावलं आणि पांढरं झालेलं बोट बघितलं. मग माझ्याकडे वळले. का, ते मला तेव्हाच कळलं. नावेचा काठ दोन्ही टोकांना वर चढत जातो. त्यांचा पट्टा पाण्याला धरून होता, माझा काठाला. दोन्ही टोकांना तो ऐटीत वर गेला होता. असं सुबक आणि असं चूक काम गावात शिकलेलं माणूसच करणार, आणि शिकलेलं माणूस मीच होते.

"बाई, पाणी बांगडीसारखं वळत नाही," ते म्हणाले.

लोक जमले होते. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत सांगतील. त्यांनी गेनूकडून विळा घेतला आणि माझा पट्टाही खरवडून टाकला. मग बाजूला झाले. "आज पट्टा नाही. नाव भरली कधी, ते आज बाई सांगतील."

मला 'नको' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण मला दाखवायचं होतं, की हे काम माणुसकीनेही होतं.

लोक खुशीत चढू लागले. दुधाच्या घागरी, भाजीची गाठोडी, कारखान्यातली पहिल्या पाळीची माणसं. मी नावेच्या अंगाकडे बघत होते. गढूळ पाणी वर सरकत होतं आणि काठ जवळ येत होता. नदी रात्रभराच्या पावसाने फुगलेली. कुठे थांबायचं, हे सांगायला काही नव्हतं. मी म्हटलं, "बास."

तेवढ्यात माझी थोरली चुलती धावत आली. पाय अनवाणी, डोक्यावरचा पदर ढळलेला. तिच्या पाठीवरचा भाऊ आकुर्डीला पहाटे वारल्याचा निरोप पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडून नुकताच पोचवला होता.

"थांबा गं, मला मातीला जायाचंय! ते थांबायचं न्हाईत माझ्यासाठी!"

मी नावेकडे वळले. "कुणी उतरतं का? काकींना जाऊ द्या."

कुणी हललं नाही. "गेट बंद व्हईल माझं," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "एका म्हातारीनं काय व्हतंय? घ्या की!" दूधवाल्याने घागर पोटाशी धरली.

चुलतीने एक पाय नावेत टाकला. नाव तिच्या बाजूला कलली आणि ओंजळभर पाणी काठावरून आत आलं. एवढंच. ओंजळभर. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं.

"सोड, बये! माझा भाऊ हाय त्यो!"

मी सोडलं नाही. गेनूला म्हटलं, "ने." साहेब मागे उभे होते. एक पाऊल पुढे आले नाहीत. पाणी आणि नावेचा काठ यांच्यातलं त्यांना माहीत असलेलं अंतर त्यांनी मला सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

नाव पलीकडे लागली. मग पाणी असं चढलं, की गेनूने ती तिकडेच बांधली आणि त्या दिवशी दुसरी खेप झालीच नाही. चुलती दुपारपर्यंत घाटावर बसून होती. मी तिच्याजवळ गेले, तर तिने तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिचे दोन्ही मुलगे चावडीवर आले. माझ्या वडिलांच्या अंगावर धावून गेले. "तुमच्या पोरीनं आमच्या आईला भावाचं तोंड बघू दिलं न्हाई!" तेव्हा साहेब पुढे झाले आणि म्हणाले, "हुकूम माझा होता. बाईंनी फक्त पाळला."

हे खोटं होतं. मी चावडीच्या दाराआड उभी होते. मला बाहेर येऊन तसं सांगता आलं असतं. मी आले नाही. माझं लग्न व्हायचं होतं, नोकरी गेलेली होती, आणि ज्याचा मी द्वेष करत होते तो माणूस माझ्यावरचं सगळं आपल्यावर ओढून घेत होता. मी ते घेऊ दिलं. कार्यकर्त्यांनी मागितलेला चांगला शब्द कुठे असलाच तर इथे असेल. तो लिहायला माझा हात अजून वळत नाही.

पुढच्या निवडणुकीत गावाने त्यांना पाडलं. पाडलं म्हणजे असं, की मतमोजणीनंतर त्यांच्या दारात हलगी वाजवली. नावेवर पुन्हा पट्टा निघाला नाही. गेनू वाटेल तेवढी माणसं नेऊ लागला. साहेब घाटावर येत राहिले, सकाळी सात वाजता, कुणी विचारत नसताना. ओठ हलताना दिसत. मोजत असावेत. पूल होईपर्यंत त्या नावेत कुणी बुडालं नाही, हेही मला लिहायलाच हवं. म्हणजे ते चूक होते का? मी चूक होते का? काकी त्या दिवशी बसल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. फरक इतकाच, की तरीही त्यांना झोप लागत असे.

लग्न होऊन मी चाकणला गेले. तिथे शाळेत कायम झाले आणि तीस वर्षं शिकवलं. साहेब पुण्याच्या एका दवाखान्यात वारले. निरोप वेळेवर आला होता आणि चाकणहून मोटारही होती. मी गेले नाही.

चुलतीला मात्र मी एकदा विचारलं होतं. माहेरपणाला आले असताना तिच्या ओट्याशी उभी राहून म्हटलं, "काकी, त्यांनी सांगितलंय ना सगळ्यांदेखत, की हुकूम त्यांचा होता."

ती तांदूळ निवडत होती. सुपावरून नजर न काढता म्हणाली, "हुकूम कुणाचा का असंना. हात तुझा व्हता."

आता तिथलं काय उरलं आहे, ते सांगून थांबते. नाव नाही, घाट नाही, गेनूचं घर नाही. साहेबांच्या घराच्या जागी मोटारी ठेवायचं तळघर आहे. चुलतीचे पणतू तुमच्याच वयाचे आहेत आणि इथे चिंचवडला माझ्या गल्लीच्या टोकाला राहतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न झालं. मांडव आमच्या दारापर्यंत आला होता. पत्रिका आली नाही.

तुमची,
आजी