पातं थांबेपर्यंत

अकरा म्हणेपर्यंत पातं फिरतच होतं.

मी गवतात गुडघे टेकून कानाने मोजत होते. हिराजीकाकांनी ट्रॅक्टरच्या सीटवरून पात्याचा पिवळा स्विच बंद केला होता. गवत कापायच्या ट्रॅक्टरचं पातं स्विच बंद केल्यावर पाच सेकंदांत थांबायला हवं. बारा. तेरा. चौदाला खालचा आवाज मेला.

"थांबला ना?" काका म्हणाले. "थांबतो तो. जरा दमानं थांबतो."

मांडव्याजवळच्या एका बंगल्याची नारळीची बाग होती ती. हिराजीकाका तिथले माळी. मी लहान इंजिनं दुरुस्त करते. मांडव्यापासून मुरुडपर्यंत जिथे जिथे बंगले झालेत, तिथे तिथे माझी टूलबॅग जाते. बंगल्याचे मॅनेजर इक्बालभाई. अनेक वर्षं मस्कतला मेंटेनन्स सुपरवायझर होते. त्यांनीच सकाळी फोन केला होता. पातं चालता चालता ढिलं पडतं, जळका वास येतो. साहेब उद्या दुपारच्या कॅटमरान बोटीने पाहुणे घेऊन येतायत, आजच बघून जा.

वास क्लचचा होता. या ट्रॅक्टरला इंजिन एकच असतं. तेच चाकं ओढतं आणि तेच पट्ट्यावरून खालचं पातं फिरवतं. मधे विजेवर चालणारा क्लच असतो. स्विच ओढला की त्यातली कॉइल लोहचुंबक बनते, लोखंडी चकती खेचून घेते आणि पातं फिरू लागतं. स्विच बंद केला की चकती मागे येऊन ब्रेकवर टेकते आणि पातं थांबतं. म्हणजे चालवणं आणि थांबवणं, दोन्ही त्या एका चकतीच्या हातात.

इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली आणि मी खाली सरकले. चकतीमधली फट मोजली. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट चालते. इथे दुप्पट निघाली. चकतीची एक बाजू निळी पडली होती, आणि ब्रेकची जाडी नखाएवढीही उरली नव्हती. असा क्लच इतक्यात झिजायला नको होता.

"काका, दिवसातून किती वेळा हा स्विच चालू-बंद करता?"

"मोजलं न्हाय. नारळ दिसला का बंद. उतरायचं, नारळ उचलायचा, परत चालू. झावळी दिसली का बंद. वाऱ्याच्या दिवसाला तर झावळ्याच झावळ्या."

आता कळलं. नारळीखाली सपाट गवत म्हणजे दर वीस पावलांना काहीतरी पडलेलं. लोक एका खेपेला एकदा स्विच ओढतात; काका शंभरदा ओढत होते. क्लचचा दोष नव्हता.

मी टूलबॅगेकडे वळले आणि तिथेच थबकले. उतरायचं, असं काका म्हणाले होते. पातं फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला तर इंजिन आपोआप बंद पडतं. सीटखाली त्यासाठी एक स्विच असतो. आणि यांचं पातं तर चौदा सेकंद फिरत राहतं.

मी चावी परत दिली. "काका, पातं चालू करा आणि जागेवरच जरा उभे राहा."

ते उभे राहिले. इंजिन चालूच. खाली पातं पूर्ण वेगात.

मी हात वर केला. "बंद करा," एवढंच म्हणाले.

"अगं, काय न्हाय होत," काका उतरून म्हणाले आणि त्यांनी उजवा पाय पुढे केला. गमबुटाचं टोक कापलेलं होतं. सुरीनं भोपळा कापावा तसं, सरळ. आतून अंगठ्याचं नख दिसत होतं. "झावळी अडकली व्हती, पायानं ढकलली. बूट गेला, बोट ऱ्हायला. देवाची किरपा."

मी सीट उचलली. स्विच काढून टाकलेला होता आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळली होती. खाऱ्या हवेनं टेपचा रंग उडून ती पांढरट झाली होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे आणि मी घरी त्यांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. त्यांत एक गोष्ट कधी चुकायची नाही: हात कामगाराचा जातो आणि चूक वरच्याची असते. मी तशीच ऑफिसात शिरले.

"इक्बालभाई, तुम्ही मस्कतला काय हेच शिकलात? माणसाचा पाय गवताच्या भावात विकायला काढलाय तुम्ही. साहेबांना हिरवळ दिसली पाहिजे, मग खाली कुणी का कापला जाईना. ती वायर कुणी जोडली, त्याचं नाव मला पाहिजे. मी लेखी तक्रार करणार आहे."

काका मागून येऊन दारात उभे होते. "पोरी, जाऊ दे," ते हळूच म्हणाले.

"जाऊ दे कसं? तुम्ही गप्प बसता म्हणून यांचं फावतं."

इक्बालभाईंनी चष्मा पुसला. "झालं तुझं भाषण? कौनसी वायर, मला खरंच इल्म नाही. पण माझ्याकडे प्रत्येक मशीनचा कागद असतो. मस्कतला तेवढं शिकलो."

त्यांनी कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि एक गुलाबी कार्बन कॉपी माझ्यापुढे सरकवली. माझ्या वर्कशॉपचं जॉब कार्ड. दोन वर्षांपूर्वीचं. 'इंजिन सुरू होत नाही. सीट स्विच गंजलेला. तात्पुरता डायरेक्ट केला. नवीन आल्यावर बसवणे.'

खाली माझी सही.

मी ते तीनदा वाचलं. तेव्हाही साहेब येणार होते, तेव्हाही घाई होती. हळूहळू सगळं आठवलं. स्विच मागवला होता. तो आला होता. माझ्या वर्कशॉपच्या खालच्या खणात तो पाकिटातच पडून होता.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तुझ्याच हातची वायर. मी बरीच म्हटली तिला, इंजिन बंद पडायचं थांबलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रंगात आली व्हतीस."

इक्बालभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "तक्रार लिहायची असेल तर कागद देऊ?" एवढंच म्हणाले.

फट कमी करून क्लच आणखी महिनाभर ढकलता आला असता. पण ब्रेकच उरला नव्हता. मी कागद घेतला आणि लिहून दिलं: चूक माझी, ट्रॅक्टर वापरू नये. चावी इक्बालभाईंनी स्वतःच्या खणात ठेवली. साहेबांना काय सांगणार, असं मी विचारलं. "गवत वाढलंय, हे त्यांना दिसेलच," ते म्हणाले.

पाच दिवसांनी नवा क्लच आला. खणातला स्विचही बसवला. पातं चालू ठेवून काकांना उभं केलं. इंजिन खोकून बंद पडलं. परत बसवून पातं चालू केलं आणि स्विच बंद करायला सांगितला. तीन म्हणायच्या आत पातं थांबलं. आता आधी चालत फिरून नारळ-झावळ्या उचलायच्या आणि मगच पातं चालू करायचं, असं मी सांगितलं.

"आणि मधीच पडला तर? नारळ काय तुला इचारून पडतो?"

"तर ट्रॅक्टर बंद. चावी खिशात. मग उतरायचं."

"म्हंजे दिवस जाणार," काका म्हणाले. पण चावी खिशात घालून दाखवली. पायात तोच बूट होता, टोकाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये मी जुन्या जॉब कार्डांची पुस्तकं काढली आणि एकेक पान उलटत गेले. 'तात्पुरता' हा शब्द आणखी तीन ठिकाणी सापडला. अक्षर तिन्ही ठिकाणी माझंच. दोन मशीनं मुरुडला, एक माणगावजवळच्या फार्महाउसवर. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणजे कुणाचा तरी पाय जाईपर्यंत.

सकाळी पहिल्या एसटीने मी मुरुडला निघाले.