देव बंद केला तो दिवस

तीन वर्षांपूर्वी कवठे महांकाळच्या बाजारातून मी जपाचं मशीन आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी. प्लगात खुपसली की दिवसभर देवाचं नाव घेते. मला बरं पडलं. जप मशीननं करायचा, भाकरी मी करायची. देवाचं काम परस्पर होत होतं.

यंदा खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली. लग्नात आईनं कुंडलहून एक कोंबडी दिली होती, तिच्या वाणातली ही शेवटची. विसाव्या दिवशी सकाळी मुंगसानं तिचा गळा धरला. डालगं उलटं पडलेलं, पिसं पसरलेली. अंडी मात्र अजून कोमट होती.

रडत बसले नाही. टोपलीत कोंडा घातला, जुन्या लुगड्यात अंडी गुंडाळली आणि चुलीच्या कडेला ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, बल्ब लाव की वर." पूर्वीचा पिवळा बल्ब असता तर लावला असता. आताचा नुसता उजेड देतो, ऊब देत नाही.

एकविसावा दिवस गेला, एकही अंडं हललं नाही. बाविसाव्या दिवशी दुपारी सून म्हणाली, "आत्या, टाका आता उकिरड्यावर. फुटली तर घरभर वास सुटंल."

"थांब. कानाला लावून बघते."

पिल्लू जिवंत असलं तर आतून टोचा मारतं. ते ऐकू येतं. पहिलं अंडं लावलं, काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. पिल्लं गेली की माझे कान गेले, कळेना.

"टीव्ही बंद कर," मी म्हणाले. मुलाच्या मोबाइलमध्ये कोणीतरी हसत होतं. "ते बी गप कर." पंखा बंद केला. तरी कुठंतरी गुणगुण चालूच.

"आता काय वाजतंय गं?"

सून माझ्याकडं बघतच राहिली. "आत्या, तुमचा देव वाजतोय की."

तीन वर्षं मशीन माझ्या डोक्यावर नाव घेत होतं आणि मला ते ऐकूच येत नव्हतं.

"काढ प्लग."

"आवं, देव बंद करू व्हय? मला न्हाई जमायचं. पाप लागंल."

"देव काय वायरीत बसलाय? सर बाजूला." मीच काढला.

घर इतकं गप्प झालं, की चुलीतली राख ढासळलेली ऐकू आली. चौथं अंडं कानाला लावलं. टक. जरा थांबून पुन्हा, टक टक. कोणीतरी आतून कडी वाजवत होतं. अंडं सुनेच्या कानाला लावलं.

"अगं बया! बोलतंय की वो!"

मुलगाही मोबाइल ठेवून वाकला. पहिली तीन पुन्हा लावली, त्यातली दोन बोलत होती. तिघंही कानाला अंडी लावून बसलो.

मी चौथी शिकलेली बाई. देव भेटला वगैरे म्हणणार नाही. हातात अंडं होतं म्हणून हात जोडता आले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात पिल्लं निघाली. चार अंडी मुकी राहिली, ती उकिरड्यावर गेली. आता मोठी झाल्यावर कळलं, सातांत तीन माद्या आहेत. वाण टिकला.

मशीन फडताळात पडलंय. सकाळी दिवा लावते आणि थोडा वेळ गप्प बसते. सून दारातून चिडवते, "आत्या, देव चालू करू का?"

"चालूच हाय. तू तेवढी गप बस."