भरल्या तांब्याची परीक्षा

गणपतीला पंधरा दिवस होते आणि आमच्या ठाण्यातल्या कोपरीत, भर सकाळी, बाबा सायकलच्या कॅरिअरला काठोकाठ भरलेला तांब्या बांधत होते... नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. मी आठवीत.

झालं असं होतं, की आदल्या वर्षी कारखान्यातून मूर्ती आणताना बाबांचा पाय खड्ड्यात गेला आणि बाप्पाचं एक बोट तुटलं. गुरुजींनी ओल्या शाडूने ते जोडून दिलं, काही होत नाही म्हणाले. पण आईच्या मनातून जाईना. माझा गोवर, बाबांचं अडलेलं प्रमोशन... वर्षभर सगळं त्या बोटावर गेलं. यंदा काही झालं तर गणपती बसवणं बंद, असं तिने सांगून टाकलं आणि बाबा हादरलेच.

म्हणून ही परीक्षा! कारखान्यापासून घरापर्यंत तीन वाटा. आधी बाबा सायकलवरून, मग मी पाटावर तांब्या ठेवून चालत. पाणी कमी सांडेल तो रस्ता पास. मैत्रिणी गॅलरीतून खिदळत होत्या, पण मला जाम मजा येत होती...

मासळी बाजारामागचा रस्ता पहिला आला. नुकतंच डांबर पडलेलं... एक थेंब सांडला नाही. बाबा तर असे खूश, जणू रस्ता त्यांनीच बांधला होता.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी निघालो. बाबांच्या हातात पाट, बाप्पाच्या चेहऱ्यावर रुमाल, पुढे मी झांज वाजवत, मागे आई. त्या रस्त्याला वळलो आणि थबकलोच. रस्ता होता कुठे? या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळीवाड्याच्या मंडळाचा मांडव!

इतका गुळगुळीत रस्ता, मंडळ तरी दुसरीकडे कशाला जाईल... जन्म ठाण्यात गेला आणि गणपतीत रस्त्यावर मांडव पडतो हेच आम्ही तिघं विसरलो होतो.

आता मागे फिरायचं म्हणजे खड्ड्यांची वाट, वर अंधार पडत आलेला. बाबांनी पाटावरची पकड घट्ट केली.

तेवढ्यात मांडवात तोरण बांधणाऱ्या एक कोळी मावशी पुढे आल्या. "देवाला कशाला फिरवताव? आमचे मांडवानशी न्या. पहिला मान तुमचे बाप्पाचा."

त्यांची मोठी मूर्ती अजून यायची होती. तरी पडदे सरकले, शिडी बाजूला झाली. त्यांच्या बाप्पासाठी अंथरलेल्या कोऱ्या गालिच्यावरून आमचा वीतभर बाप्पा निघाला... आणि सरावाला बसलेल्या पोरांनी ढोल धरला! आजही लिहिताना अंगावर काटा येतोय.

घरी आईने रुमाल काढला, एकेक बोट निरखलं आणि ढसाढसा रडली. सगळी बोटं शाबूत होती.

पुढच्या वर्षी बाबांनी पुन्हा परीक्षा घेतली. मांडवाच्या बांबूंचे खड्डे कुणी बुजवलेच नव्हते, त्यामुळे तो रस्ता साफ नापास. आईने निकाल शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, बाप्पा तिथूनच येणार.