हमीदमामूंची अमेरिका

रविवार म्हणजे आमच्याकडे आठवड्याचा पहिला दिवस. रियाधच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू होती आणि फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता. तो थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. जुबेदामामी कधी लागोपाठ दोनदा फोन करत नाही. बाहेर जाऊन उचलला तर ती एवढंच म्हणाली, "सलमा, मामू फजरच्या नमाजाला उठले नाहीत गो..." पुढचं मी ऐकलं नाही. गाडी काढली आणि मामू राहत त्या खफजीची वाट धरली. वाळूतून सरळसोट जाणारा तो लांबलचक रस्ता, एरवी त्यावर मला झोप येते. त्या दिवशी पेट्रोल भरायला थांबले तर पंपावरच येरझारा घालत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी अस्रच्या नमाजानंतर खफजीतच दफन झालं. त्याला आता तीन महिने होऊन गेले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. स्वयंपाकाला उभी राहते आणि मध्येच बाल्कनीत जाते, बाल्कनीतून पुन्हा आत. हे लिहितानाही दोनदा उठले.

हमीदमामू माझ्या आईचे धाकटे भाऊ. रत्नागिरीजवळचं खाडीकाठचं गाव आमचं. मॅट्रिक झाल्यावर ते इकडे आले, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर लागले आणि हळूहळू सुपरवायझर झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी जिथं तिथं सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. त्यात मामूंचा हात होता. मुलीला हॉस्टेलला ठेवायचं नाही म्हणून अब्बा अडून बसले, तेव्हा मामूंनी खफजीहून फोन करून त्यांना सांगितलं होतं की तुम्ही खाडीच्या पलीकडे कधी मुक्काम केला नाहीत, निदान पोरीला तरी करू द्या. अब्बा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण मी हॉस्टेलला गेले.

कंपनीनं मामूंना ट्रेनिंगसाठी चार-पाचदा ह्यूस्टनला पाठवलं. दर वेळी ते पुढे सुट्टी जोडून घेत आणि एकटेच एखादं मोठं शहर बघून येत. आमच्या सगळ्या गोतावळ्यात अमेरिका आधी त्यांनी पाहिली, त्यामुळे ती आपल्याच मालकीची आहे असं त्यांना वाटायचं. ताइफपासून दम्मामपर्यंत कुणीही कोकणी माणूस मुलाच्या कॉलेजसाठी किंवा नुसता फिरायला अमेरिकेला निघाला की तो आधी मामूंना फोन करी. मामू जेवत असले तर ताट बाजूला सारत.

त्यांचं म्हणणं एकच, शहर पाण्यावरून बघायचं. धक्क्यावर उतरल्याशिवाय गाव कळत नाही, ही खाडीकाठच्या माणसाची समजूत त्यांनी न्यूयॉर्कलाही लावली. पुतळा बघायला तिकिटाच्या रांगेत ताटकळू नका, म्हणायचे, कामावर जाणाऱ्या लोकांची फुकट फेरीबोट आहे, तीत उजव्या बाजूला उभे राहा, पुतळा आपसूक समोरून जाईल. शिकागोत नदीतली बोट घ्या, उंच इमारतींवर चढायच्या आधी त्या खालून बघा. सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत स्वेटर न्या, नाहीतर पुलावर कुडकुडाल आणि फोटोत सगळे रडके दिसाल. वॉशिंग्टनची म्युझियम फुकट आहेत, पण दिवसाला एकच करा, दुसऱ्या म्युझियमात माणूस फक्त बाकडं शोधतो. ह्यूस्टनवर मात्र त्यांचा राग होता. पाणी आहे, पण शहर त्याला पाठ करून बसलंय, म्हणायचे.

खाण्याच्या बाबतीत तर ते कुणाचं ऐकून घेत नसत. टॅक्सीवाले जिथं गाडी लावून जेवतात तिथं जेवा. एक प्लेट दोघांत मागवा, ती लोकं एका माणसाला आपल्या लग्नातलं ताट वाढतात. मोठ्या नावाच्या हॉटेलात दुपारी जा, तेच जेवण निवांत मिळतं. सॅल्मन मासा रंगाला भुलून घेऊ नका, त्याला आपल्या बांगड्याची सर नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिकडे मगरिबच्या आधी, सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या. हे ते प्रत्येकाला दोन-दोनदा बजावत आणि प्रत्येक जण ते कानाआड करी. मी आणि माझा नवराही त्यातलेच. रात्रीची इशाची नमाज झाल्यावर तयार व्हायचं, पोरांना घेऊन दहा-साडेदहाला रमतगमत जेवायला निघायचं, हे आम्हा रियाधवाल्यांच्या अंगात मुरलेलं. शिकागोत तसेच निघालो. पहिल्या हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवून ठेवलेल्या, दुसऱ्यात एक जण फरशी पुसत होता. शेवटी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून ब्रेड आणि वेफर्स आणून हॉटेलच्या पलंगावर बसून खाल्ले. खफजीत तेव्हा सकाळ होती. मामूंना फोन लावला तर इतके हसले की मामीनं फोन काढून घेतला. मग पुन्हा आपल्याकडे घेऊन म्हणाले, "कॉलेजात हे शिकवत नाहीत, नाही गो?"

त्यांचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या ज्या अंडीपावाच्या जागेचं ते वीस वर्षं गुणगान करत, तिथं आम्ही मुद्दाम गेलो तर बँक होती. तसं सांगितलं तर म्हणाले, तू चुकीच्या गल्लीत गेली असशील. मी बँकेचा फोटो पाठवला. दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं, बँकेच्या मागच्या गल्लीत बघितलंस का.

या सगळ्यात मामी एकदाही अमेरिकेला गेली नव्हती. ट्रेनिंगला बायको नेता येत नसे, आणि दरसाल सुट्टी लागली की गाव बोलवायचं... कुणाचं लग्न, घराची कौलं, नानीचं आजारपण. मामू फोनवर कुणाला शिकागो समजावत असले की स्वयंपाकघरातून मामीचा टोमणा यायचाच. "सगळ्या जगाला अमेरिका दाखवलीत. मला खफजीच्या समुद्राकाठचा कॉर्निश." मामू म्हणायचे, पुढच्या सुट्टीत, इन्शाल्ला. लेक निलोफर लग्न होऊन शिकागोला गेली, तिला दोन मुलं झाली, तरी पुढची सुट्टी आली नाही. या वर्षी मामू नोकरीतून मोकळे होणार होते. दोघांचे व्हिसा लागले होते. आधी न्यूयॉर्क, मग शिकागो, आणि तिथून कायमचं गावी, असा बेत होता. मामीनं स्वेटरही घेऊन ठेवला होता.

आता माझा जीव अडकलाय तो इथं. मामीचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, मामूंच्या इकाम्यावर. ते गेले तसं तिचं इथलं राहणंही संपत आलंय. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, होईपर्यंत कंपनीनं घर दिलंय, मग निघायला हवं. निलोफर रोज रडते, अम्मी, सरळ इकडे ये. मामी म्हणते गावी जाईन. गावच्या घरात कुणी नाही, शेजारच्या घरालाही कुलूप आहे. मी दर शुक्रवारी खफजीला जाते, तिच्याशी वाद घालते आणि परतताना गाडीत एकटीच पुढचा वाद घालत राहते. एकदा मी सरळ विचारलं, इथून पाय निघत नाही तो कबरीमुळे का. ती म्हणाली, "कबरीवर मला इथं तरी कोण जाऊ देतंय?" आमच्याकडे बायका दफनभूमीत जात नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारून बसले होते. मग भांडी आवरता आवरता ती बोलली. निलोफरची मुलं इंग्रजीतून बोलतात, जावई दिवसभर कामावर, मी तिथं खिडकीशी बसून करू काय? ज्यांच्याबरोबर बघायचं होतं ते गेले. एकटीनं बघणं म्हणजे त्यांना मागे टाकून जाणं... "तू शिकलेली आहेस, तुला नाही कळायचं." मी शिकलेली असल्याचं कुणी असं तोंडावर मारलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मी तिच्या हातातलं भांडं घेऊन पुसायला लागले.

मागच्या शुक्रवारी दुपारी आम्ही सामान बांधत होतो. कंपनीला परत करायचे पडदे काढून झाले होते आणि बैठकीत नुसतं ऊन पसरलं होतं. मामूंचा फोन वाजला. सगळ्यांना अजून कळलेलं नाही, अधूनमधून कुणीतरी फोन करतं, म्हणून मामी तो चार्ज करून ठेवते. मी उचलला. इथल्याच हाइल शहराहून कुणी मराठी बाई बोलत होती. ताइफच्या वहिनींनी नंबर दिला, म्हणाली, मुलांना घेऊन न्यूयॉर्कला चाललोय, काकांना जरा विचारायचं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तोच मामीनं हात पुढे केला. फोन घेऊन तिनं स्पीकर लावला, कारण तिला कानाशी धरून नीट ऐकू येत नाही.

"ते अल्लाकडे गेले गो. पण तू विचार काय ते."

मग त्या बाईनं दुःख झाल्याचं सांगितलं आणि राहू दे म्हणाली. मामीनं राहू दिलं नाही. मुलं केवढी, कुठं उतरणार, किती दिवस, असं सगळं विचारून घेतलं आणि सांगायला लागली. फेरीबोट, उजवी बाजू, टॅक्सीवाले, मगरिबच्या आधीचं जेवण... मी हातात पडद्याची दांडी धरून ऐकत होते. मध्येच तिनं मामूंचं खोडूनही काढलं. ते पायी फिरा म्हणायचे, ते एकट्या पुरुषाचं बोलणं, तुझी पोरं रस्त्यातच बसतील. आधी पोटभर खायला घाल आणि मग बोटीत बसव. हाइलची बाई हसली. मग तिनं सहज विचारलं, "काकी, तुम्हाला कुठलं शहर जास्त आवडलं?"

मामी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता फोन माझ्या हातात देईल. पण तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी नाही गेले अजून. इद्दत झाली की लेकीकडे शिकागोला निघणार आहे. तू आधी जातेस, तर आल्यावर मला सांग, पोरांनी कुठं काय खाल्लं ते. माझीही नातवंडं आहेत. या नंबरवर नको करू, हा बंद व्हायचाय. माझा घे."

मामीला स्वतःचा नंबर पाठ नव्हता. इतक्या वर्षांत तो कुणाला द्यायची वेळच आली नव्हती. ती आपला फोन शोधायला आत गेली, आणि हाइलची बाई तोवर लाइनवर थांबून राहिली.