अशोकच्या वाट्याचं कनेक्शन

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये मुलांना फाईल सेव्ह करायला शिकवत होतो. साधी कावीळ म्हणता म्हणता माणूस गेला. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला सांगू? आता कुणी आपल्याला त्याचं कौतुक ऐकवणार नाही... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

अशोक माझा मित्र, सुप्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, आयटीआय झालेला. मी नगरमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवणारा, डिप्लोमावाला. न्यूजग्रुप म्हणजे काय हे त्याला मीच सांगितलं. जगभरची माणसं तिथं प्रश्न टाकतात, उत्तरं देतात, फायली ठेवतात. त्या उतरवून घेणारा प्रोग्रॅम कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मीच बसवला. सर्व्हरचं नाव, पोर्ट, पासवर्ड सगळं भरून दिलं. सर्व्हरवरचं खातं माझं होतं. त्यावर एका वेळी दोनच कनेक्शन चालत, एक माझं, एक त्याचं. "मास्तर, लई उपकार झाले," तो म्हणाला आणि मी फुगलो.

चार महिन्यांत गडी माझ्या पुढे गेला. फाईल तुकड्यातुकड्यांनी येते. एखादा तुकडा आपल्या सर्व्हरवर नसला तर तो दुसऱ्याकडून मागवायचा. आधी कोणत्या सर्व्हरला विचारायचं, मग कोणत्या, हा क्रम कसा लावायचा ते त्यानं खटपट करून शोधलं आणि मला समजावलं. मला! पुढे कारखान्यातलं परदेशी मशीन बंद पडलं, तेव्हा त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत ग्रुपवर प्रश्न टाकला. कुण्या परक्या माणसानं सर्किटचे नकाशे पाठवले आणि यानं मशीन चालू केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. माझ्या प्रश्नांना तिथं कुणी उत्तरही देत नसे. त्याच सुमारास आमच्या घरचा प्रिंटर अडला तर बायको म्हणाली, "अशोकभाऊजींना विचारा की." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या प्रोग्रॅममध्ये कनेक्शनच्या चौकटीतला एक पुसून दोन केला. चार वाजता पाळी सुटली की अशोक ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसायचा. मी पावणेचारलाच काहीतरी फालतू उतरवायला लावायचो. दोन्ही कनेक्शन माझी. सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मास्तर, सर्व्हर आत घेईना. तुमच्याकडं चालू हाय का?"

"नाही बुवा, इकडंही बंदच."

पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. आपण जिंकलो असं मी धरून चाललो.

गेल्या आठवड्यात अशोकच्या घरी, सुनीतावहिनींकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. "वहिनी, अशोकचं काम मी अडवायचो..." एवढंच म्हणालो.

"त्यांना ठाव हुतं, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही जागा भरल्यात, असं मशीनवर लिहून यायचं म्हनं. 'मास्तरांना दोन लागत्यात, लागू दे, खातं त्यांचंच हाय,' म्हनायचे. मग पाळीच्या आदी तासभर लवकर जायचे."

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आला तो जळफळाट. मनाच्या मोठेपणातही हाच पुढे, आणि आता तर गाठण्याचीही सोय नाही!

घरी येऊन मी त्या चौकटीत पुन्हा एक लिहिला. रोज चार वाजता कॉम्प्युटरसमोर बसतो. काम कितीही तुंबलेलं असो, दुसरं कनेक्शन घेत नाही, ते त्याच्यासाठी मोकळं ठेवतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला कळतही नाही... यात तरी त्याच्या बरोबरीला येता येतंय का, बघतो आहे.