तिसरं चित्र

प्रमिलाबाई सोमकुंवरच्या हातचा बैल पाहिला त कोणालेही बकरीच वाटावी. बाई हे स्वतःच सांगत. पण लोधीखेड्याकडच्या त्या गावात पोरांना इंग्रजी आलं ते याच हातानं, शाळेच्या लांब भिंतीवर, गेरू आणि चुन्यानं. त्याचा बाईंना ताठा होता. असावाच.

आधी त्या एका शब्दाला एकच चित्र काढत. 'राउंड'साठी मोठं संत्रं काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या पल्लवीनं डब्यातलं संत्रं सोललं आणि फोड पुढे केली. "बाई, राउंड खाता का?"

बाईंनी फोड खाल्ली अन् चूक कोणाची ते ओळखलं. चित्रात साल होती, रंग होता, देठ होता. त्यातलं गोल तेवढंच उचल, असं त्या पोरीले कोणी सांगितलं होतं? त्या दिवसापासून बाईंचा कायदा झाला : एका शब्दाला तीन चित्रं. संत्र्याशेजारी बांगडी आली, सायकलचं चाक आलं. तिन्हीत जे सारखं, तोच अर्थ. मराठीत फोड करून सांगायची गरजच राहिली नाही.

मग पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. शाळा समितीचे अध्यक्ष यशवंतराव संत्र्याचे व्यापारी. त्यांनी नागपूरहून छापील फ्लेक्स आणले.

"आता जिल्ह्याचे साहेब लोकं येऊन राहिले, बाई. तुमच्या बकऱ्या दाखवू का त्याइले?"

"बैल हाय थो, भाऊ."

"थोच त प्रॉब्लेम हाय."

फ्लेक्सवर 'कोल्ड'ला बर्फातलं पांढरं अस्वल होतं. अख्खा वर्ग ओरडला, "अस्वल!" बाई म्हणाल्या, "एका चित्रानं भागत नाही, भाऊ." यशवंतराव म्हणाले, "शिकतीन हळूहळू." अन् रविवारी भिंत पोतून झाली. इतक्या वर्षांची मेहनत चुन्याखाली गेली. बाई रडल्या नाहीत. भिंत शाळेची होती, शब्द काही शाळेचे नव्हते. त्यांनी गेरूचा डबा उचलला आणि पल्लवीचं घर गाठलं.

पल्लवीची माय वत्सला कापूस वेचून नुकतीच आली होती.

"वत्सला, तुह्या घराची भिंत देतं का?"

"घ्या ना बाई. फक्त पाल नका काढू, मले किळस येते."

वत्सलाची गल्ली अशी, की समोरून कोणी आलं त एकानं मागं सरायचं. बाईंनी 'नॅरो' काढायला घेतला. शेताच्या बांधावर एकामागं एक चालणाऱ्या बाया झाल्या, बाटलीची मान झाली. तिसरं काय काढावं या विचारात होत्या, तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक जण गल्लीत शिरला अन् डबा धरून उभी पल्लवी भिंतीले चिपकली. बाईंनी ब्रश खाली ठेवला.

"तिसरं काढा ना, बाई."

"तिसऱ्यात त तू उभी हाय, पोरी."

पल्लवीनं गल्ली पाहिली, बांध पाहिला, बाटली पाहिली. "नॅरो," ती म्हणाली.

मग गावालेच याड लागलं. विहिरीवर 'डीप' गेला, चक्कीवर 'नॉइझी'. 'एम्प्टी' कोणी घरावर घेईना. तो कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर काढावा लागला. शेवटी यशवंतरावच म्हणाले, "माह्या वट्ट्याले काही नाही का, बाई? 'बिग' वगैरे?"

शाळा सुटल्यावर बाईंनी त्यांच्या वट्ट्यावरच्या भिंतीवर 'वेट' काढला. तिगावच्या ठेसनावर रुळाकडे पाहत बसलेली म्हातारी, आणि पाण्यात एका पायावर बगळा. तिसरी जागा कोरीच ठेवली. यशवंतराव पाहून, मान हलवून आत चहाले गेले. वट्ट्यावर गावातला उत्तम बसला होता. पोराच्या दाखल्यावर त्याले यशवंतरावांची सही पाहिजे होती.

खेळाले निघालेली पोरं चित्र पाहाले थांबली. पल्लवीनं म्हातारी पाहिली, बगळा पाहिला, कोऱ्या जागेवर थोडी अडली. मग वळली अन् सरळ उत्तमकडे बोट केलं.

"वेट."

"बरोबर हाय, बेटा," उत्तम म्हणाला. "सकाळपासून हाय."

यशवंतराव दारातच उभे होते. त्यांनी भिंत पाहिली, उत्तम पाहिला.

"ये ना लेका अंदर. आवाज त द्यायचा." मग बाईंकडे वळले. "त्या फ्लेक्सच्या बाजूले जागा हाय, बाई. एकेका शब्दाले दोन-दोन चित्रं तुमी काढून द्या."

बाई ब्रश धूत होत्या. "बैलही काढीन."

"काढा," यशवंतराव म्हणाले. "पण शिंगं मोठे काढा."